डिशवॉशर अर्ध्यात थांबतो, पण टेक्निशियन आला की नीट चालतो

नवा डिशवॉशर बसवून महिना-दीड महिना झाला आहे. बहुतेक दिवशी भांडी लख्ख निघतात, पण मधूनच मशीन अर्ध्यात थांबतं. पट्टीवर कोड लुकलुकतो. तळाशी गढूळ पाणी साचलेलं असतं, नाहीतर आत पाण्याचा टिपूस नसतो आणि डिटर्जंटची वडी कोरडीच पडलेली असते. तक्रार नोंदवावी, टेक्निशियन यावा, त्याने मशीन ओट्याखालून पुढे ओढावं, रीसेट करावं, एक छोटा प्रोग्राम लावून दाखवावा आणि मशीनने निमूट चालावं. ‘मशीन ओके’ असं लिहून, सही घेऊन तो जातो. आठवडा उलटत नाही तोच पुन्हा तेच.

असं होत असेल तर सर्किट बोर्ड बदलायला लगेच हो म्हणू नका. जळालेला पंप किंवा बिघडलेला वॉल्व्ह टेक्निशियनसमोरही बिघडलेलाच राहतो. जो दोष कुणी बघायला आलं की लपतो, तो बहुतेक वेळा मशीनबाहेर असतो, म्हणजे घरातल्या पाण्यात किंवा पाइपांत. टेक्निशियन येतो तेव्हा काय काय बदलतं ते बघा: मशीन जागचं हलतं, वेळ तुमच्या रोजच्या वेळेपेक्षा वेगळी असते आणि ड्रेनचा पाइप कुणीतरी उचलून पाहिलेला असतो. दोष या तिन्हींपैकी कशात तरी दडलेला असतो.

आधी कोड वाचून घ्या. बॉश आणि सीमेन्सच्या बऱ्याच मॉडेलांवर ई-१८ म्हणजे पाणी येत नाही, ई-२४ म्हणजे घाण पाणी बाहेर जात नाही, ई-१५ म्हणजे मशीनच्या तळातल्या ट्रेमध्ये पाणी उतरलंय. एलजीच्या मशीनवर आयई म्हणजे येण्याची अडचण, ओई म्हणजे जाण्याची. इतर कंपन्यांचे कोड पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर असतात. कोड आला तो दिवस, वेळ आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं (सिंक वापरात होतं का, गच्चीवरची टाकी भरलेली होती का) हे कॅलेंडरवर खरडून ठेवा. पाच-सहा नोंदी झाल्या की अर्धं निदान तिथेच होतं.

मशीन मागे ढकललं की थांबतं

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त वेळा आढळणारं. आपले ओटे साधारण दोन फूट खोल, आणि डिशवॉशरची खोलीही जवळपास तेवढीच. त्यात जुन्या स्वयंपाकघरांत ओट्याखाली कडप्पाचे कप्पे असतात. एक उभा कडप्पा कापून जागा केली जाते आणि पाइप शेजारच्या कप्प्यातून सिंककडे नेण्यासाठी एक भोक पाडलं जातं. भोक बहुतेक वेळा जरुरीपेक्षा लहान आणि कडा धारदार. मशीन आत सरकवलं की ड्रेनचा पाइप भिंत आणि मशीनची पाठ यांत चेपतो, किंवा भोकापाशी त्याला घडी पडते. टेक्निशियन मशीन ओढतो, घडी सुटते, पाणी धो-धो जातं. तो गेल्यावर मशीन पुन्हा आत जातं आणि घडीही जागेवर येते. मऊ पाइपाला एकदा घडी पडली की तो पुढे त्याच जागी दुमडतो, म्हणूनच हे पुन्हा पुन्हा होतं.

खात्री करायची असेल तर चालू मशीन ओढू नका. थांबल्यावर शेजारचं कपाट उघडा, टॉर्च मारा आणि आरशाचा तुकडा किंवा मोबाईलचा कॅमेरा आत घालून पाइपाचा पूर्ण मार्ग बघा. घडी दिसली तर भोक मोठं करून घ्या, कडांना रबर लावून घ्या आणि जास्तीचा पाइप मशीनमागे वेटोळं करून कोंबण्याऐवजी सिंकखालच्या मोकळ्या जागेत न्या. मशीन आत सरकवताना एकाने शेजारच्या कपाटातून पाइप हलकेच ओढत राहायचं, हे दोन माणसांचं काम आहे. पाइप कमी पडतो म्हणून बाजारातला कुठलाही तुकडा जोडून लांब करत बसू नका. जितका लांब पाइप तितका छोट्या ड्रेन पंपावर ताण. आणि येणाऱ्या पाण्याच्या पाइपाच्या टोकाला जाडसर डबी असेल तर तो पाइप कापायचा नाही की त्याची लांबी बदलायची नाही. त्या डबीत गळती झाल्यावर पाणी बंद करणारा वॉल्व्ह असतो आणि बऱ्याच मशीनमध्ये त्याला विजेची तारही गेलेली असते.

रात्री थांबतं, दुपारी चालतं

ही तक्रार वरच्या मजल्यावरून आली की मी आधी गच्चीकडे बघतो.

बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत पाण्याचा दाब किमान ०.५ बार आणि नळातून मिनिटाला किमान १० लिटर पाणी हवं असं लिहिलेलं असतं. दाबाचा ढोबळ हिशेब सोपा आहे: टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर वर असेल तर १ बार. म्हणजे ०.५ बारसाठी ५ मीटर. आता सगळ्यात वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर घ्या. सिंकखालचा कॉक जमिनीपासून अर्धा मीटर वर, छत तीन मीटरवर, त्यावर स्लॅब आणि टाकीखालचा दीड मीटरचा चौथरा. टाकीचा तळ कॉकपासून जेमतेम सव्वाचार मीटर वर येतो. टाकीत दीड मीटर पाणी असेल तर दाब साधारण ०.५७ बार, टाकी तळाला गेली की ०.४२. सकाळी पंप चालवून टाकी भरलेली असते तेव्हा मशीन काठावर पास होतं. रात्री साडेदहाला, सगळ्या बिल्डिंगची आंघोळ-स्वयंपाक-धुणी उरकल्यावर, ते नापास होतं. पाणी येतं, पण हळू. मशीन ठरावीक वेळ वाट बघतं आणि थांबतं. एक मजला खाली हेच गणित तीन मीटरने सुधारतं, त्यामुळे खालच्या घरात तंतोतंत तेच मॉडेल कधीच थांबत नाही आणि वरच्या घराला वाटतं आपल्यालाच ‘पीस’ खराब मिळाला.

यावर तपासणी एकच, पण ती योग्य वेळी करायची. मशीन ज्या वेळी थांबतं त्याच वेळी कॉक बंद करून इनलेट पाइपाचा (पाणी मशीनमध्ये आणणाऱ्या पाइपाचा) नट सोडा, कॉकखाली बादली धरा, कॉक पूर्ण उघडा आणि घड्याळ लावून अर्ध्या मिनिटात किती पाणी जमतं ते लिटरच्या मापाने मोजा. अर्ध्या मिनिटात ५ लिटर आलं तर हरकत नाही. दोन-अडीच लिटर आलं तर दोष सापडला. दुपारी बारा वाजता मोजून ‘भरपूर पाणी आहे’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

पाणी कमी आलं म्हणजे लगेच टाकीलाच दोष द्यायचा असंही नाही. कॉककडे बघा. सिंकखालचा अँगल कॉक अर्धा इंची, मशीनच्या पाइपाचा नट पाऊण इंची, आणि त्यांच्यामध्ये इन्स्टॉलेशनवाल्याने बसवलेले दोन-तीन जोड. त्यातच वॉटर प्युरिफायरसाठी काढलेला टी (तीन तोंडांचा जोड). प्रत्येक जोड थोडं पाणी अडवतो. पाऊण इंची तोंडाचा, वॉशिंग मशीनसाठी मिळतो तसा वेगळा कॉक लावून घ्या आणि प्युरिफायरला त्याची वेगळी वाट द्या. बोअरवेलच्या पाण्याने जुना अँगल कॉक आतून क्षाराने अर्धा भरलेला असतो. मूठ पूर्ण फिरते, पाणी मात्र अर्धंच येतं. कॉक बदलणं सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे, म्हणून बूस्टर पंपाचा विचार करण्याआधी ती करून बघावी.

मग जाळी. इनलेट पाइपाच्या टोकाला, रबरी वॉशरच्या मागे, छोटी जाळी असते. टँकरच्या दिवसांत, टाकी साफ केल्यावर किंवा लाइन फुटून दुरुस्त झाल्यावर तिच्यात रेती, गंज आणि पांढरे खडे अडकतात. टेक्निशियन जाळी धुतो, मशीन चालतं, महिन्याने पुन्हा बंद. त्याने काम चोख केलेलं असतं, घाण मात्र येतच राहते. कॉक आणि पाइपाच्या मध्ये उघडून धुता येईल असा वाय-स्ट्रेनर (जाळीचं छोटं गाळणं) बसवला तर जाळी वाचते आणि साफसफाई आपल्या हातात राहते. कापडी किंवा कार्ट्रिजचा फिल्टर मात्र वरच्या मजल्यावर लावू नका. आधीच तुटपुंजा असलेला दाब तो आणखी खातो. टाकी साफ झाल्यावर पहिलं पाणी सिंकच्या नळातून वाहून जाऊ द्या, मगच मशीनचा कॉक उघडा.

हे सगळं करूनही माप कमीच येत असेल तर दोन वाटा उरतात. एक फुकटची: मशीनमधला डिले स्टार्ट वापरून सकाळी टाकी भरल्यानंतरची वेळ लावा. रात्री भांडी भरायची, सकाळी सातला मशीन सुरू. मला हीच वाट जास्त पटते, कारण तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही. दुसरी म्हणजे टाकीतून घरात उतरणाऱ्या लाइनवर छोटा प्रेशर पंप. महापालिकेच्या थेट लाइनवर पंप लावणं बेकायदा आहे. शिवाय थेट लाइनवर मशीन जोडणंच चुकीचं. वाड्यांत आणि जुन्या बंगल्यांत स्वयंपाकघराचा नळ बऱ्याचदा कॉर्पोरेशनच्या पाण्याचा असतो. मशीन एका धुण्यात पाणी एकदाच घेऊन थांबत नाही. दोन-तीन तासांत ते थोडं थोडं, अनेकदा घेतं. मध्येच पाणी गेलं की खेळ खलास. अशा घरांत जोडणी टाकीच्या लाइनवरच हवी.

उंच टॉवरच्या खालच्या मजल्यांवर याच्या उलट असतं. तिथे दाब जास्त होतो आणि मशीनचा वॉल्व्ह बंद होताना भिंतीतून धाडकन आवाज येतो. सोसायटीला प्रेशर कमी करणाऱ्या वॉल्व्हबद्दल विचारा.

नहाणी ट्रॅप आणि झुरळांचा बंदोबस्त

आता जरा चकवणारा दोष. मशीन पाणी घेतं, घेतच राहतं, आणि भांड्यांवर फवारा मात्र धड पडत नाही. आतून गुळगुळ, खरखर असा आवाज येतो. प्रोग्राम कधी पूर्ण होतो आणि भांडी तेलकटच निघतात, कधी पाणी येत नसल्याचा कोड येतो. नळाला तर भरपूर पाणी. इथे बरेच जण वॉल्व्ह बदलून घेतात आणि पैसे वाया जातात.

पाणी येत नाही असं नसतं, ते आत टिकत नाही. रॉकेलच्या डब्यात नळी घालून एकदा तोंडाने ओढली की रॉकेल आपोआप खाली वाहत राहायचं, तसंच इथे होतं. ड्रेन पंपाने एकदा पाणी बाहेर टाकलं की पाइप भरलेला राहतो. त्याचं टोक मशीनच्या तळापेक्षा खाली, नहाणी ट्रॅपमध्ये (सांडपाणी जायच्या, जमिनीतल्या जाळीच्या खळग्यात) बुडालेलं असलं आणि त्याला हवा मिळायला जागा नसली, तर मशीनमध्ये येणारं ताजं पाणीही त्याच वाटेने निघून जातं. यालाच सायफन म्हणतात.

हे कायम का होत नाही? कारण टोक कधी बुडलेलं असतं, कधी नसतं. इन्स्टॉलेशनवाला पाइप जाळीतून सैलसर सोडून जातो. मग त्या फटीतून झुरळं येतात, वास येतो. घरातलं कुणीतरी पाइप आणखी खोल खुपसतं आणि भोवती चिंधी कोंबतं, किंवा पेस्ट कंट्रोलवाला पांढरं सिमेंट लावून फट बुजवतो. हवा बंद, सायफन चालू. टेक्निशियन पाइप बाहेर काढून बादलीत धरतो, तर सगळं ठीक. तो गेला की झुरळांच्या धाकाने पाइप पुन्हा आत.

ओळखायचं असं: प्रोग्राम सुरू केल्यावर पहिलं मिनिटभर मशीन जुनं पाणी बाहेर टाकतं, ते होऊ द्या. नंतर मशीन पाणी घेताना ट्रॅपपाशी कान लावा. त्या वेळी ट्रॅप पूर्ण शांत हवा. पाण्याची बारीक धार ऐकू आली तर सायफनच.

उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र केलेले उत्तम. ड्रेनचा पाइप मशीनमधून निघाल्यावर आधी वर, ओट्याच्या दगडाला जवळजवळ टेकेल इतका उंच न्यायचा, तिथे क्लॅम्पने पक्का करायचा आणि मग खाली सोडायचा. पुस्तिकांत ही उंची साधारण ४० सेंटीमीटर ते १ मीटर अशी दिलेली असते. तुमच्या मॉडेलचा आकडा बघून घ्या, कारण फार उंच नेलं तर पंपाला पाणी चढवता येत नाही. नुसतं वर नेऊन मात्र सायफन हमखास तुटत नाही. टोकाला हवा मिळायलाच हवी. त्यासाठी नहाणी ट्रॅपमधून दीड इंची पीव्हीसीचा उभा पाइप वर काढायचा आणि ड्रेन पाइपाचं टोक त्याच्या तोंडात वीतभरच अडकवायचं, भोवती फट ठेवून. उभा पाइप ट्रॅपच्या जाळीत घट्ट बसवता येतो, त्यामुळे झुरळांची वाट बंद होते, आणि ट्रॅपमध्ये साठलेलं पाणी वास अडवतं. वरच्या फटीला नायलॉनची जाळी बांधली तरी चालते. चिंधी, एम-सील, सिमेंट नको.

सिंकची घाण मशीनमध्ये

पाइप नहाणी ट्रॅपऐवजी सिंकच्या वेस्टला (सिंकखालच्या सांडपाण्याच्या पाइपाला) जोडला असेल तर तक्रार वेगळी असते. रात्री मशीन रिकामं, स्वच्छ होतं, सकाळी तळाशी पाणी. त्यात चहाचा चोथा, कांद्याची साल. चहाचा चोथा तुम्ही मशीनमध्ये कधीच घातलेला नाही, मग तो सिंकमधूनच आलाय. (फिल्टरखालच्या खळग्यात थोडं स्वच्छ पाणी मात्र नेहमीच राहतं. रबरी भाग कोरडे पडू नयेत म्हणून तशी रचनाच असते. त्याची तक्रार नको.)

तपासणी: मशीन रिकामं करा, सिंकला बूच लावून काठोकाठ पाणी भरा, बूच काढा आणि मशीनचं दार उघडून बघत राहा. पाणी आत आलं तर पाइप उंच नेलेला नाही, शिवाय सिंकचा खालचा पाइप तुंबत आलाय. तो घड्यांचा लवचिक वेस्ट पाइप आपल्याकडच्या स्वयंपाकाला मुळीच मानवत नाही. मशीनमधून गरम पाण्याबरोबर वितळलेलं तूप-तेल सुटतं, पुढे त्या घड्यांत थंड होऊन थिजतं, त्यावर भाताची शितं आणि मोहरी बसते. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः नाशिक-पुण्याकडे, हे जास्त होतं, आणि उन्हाळ्यात तोच पाइप बरा चालतो. गुळगुळीत पीव्हीसी आणि बॉटल ट्रॅप (सिंकखालचा, पाणी साठवून वास अडवणारा बाटलीसारखा भाग) लावून घ्या. ड्रेनची जोडणी ट्रॅपच्या पाण्याच्या वरच्या बाजूला असलेल्या खास नळीवर हवी. नव्या वेस्टमध्ये ती नळी आतून प्लास्टिकच्या पडद्याने बंद असते. पडदा पूर्ण कापायचा असतो. काही जण स्क्रू-ड्रायव्हरने नुसतं भोक पाडतात. मग पंपाने जोरात सोडलेलं पाणी तिथे अडतं, आणि त्या बारीक भोकात एखादं शीत जाऊन बसलं की पाणी पूर्णच तुंबतं. शीत सुटलं की पुन्हा सुरळीत.

ट्रेमध्ये पाणी

गळतीचा कोड येऊन ड्रेन पंप सतत चालू राहिला तर मशीन तिरपं करून तळाच्या ट्रेतलं पाणी ओतून टाकायची युक्ती इंटरनेटवर जागोजागी आहे. तिने मशीन सुरू होतं, गळती तशीच राहते. दोन गोष्टी आधी बघा. कुणी भांडी घासायचं साधं लिक्विड आत टाकलंय का? त्याचा फेस उतू जाऊन ट्रेमध्ये उतरतो. आणि इनलेटचा नट. त्यात सपाट रबरी वॉशर असतो आणि पाणी तोच अडवतो. टेफ्लॉन टेपचे वेढे मारून पान्याने आवळलेला प्लास्टिकचा नट केसासारखा तडकतो आणि दाब वाढला की तेवढ्यापुरता ठिबकतो. कॉक भिंतीच्या बाजूने बसवताना टेप हवी. मशीनच्या नटाला हाताने घट्ट, वर हलका पाव फेरा, बस.

सोलरच्या लाइनला मशीन जोडू नका. बहुतेक मशीनना आत येणारं पाणी ६० अंशांपेक्षा गरम चालत नाही आणि एप्रिलमध्ये सोलरचं पाणी सहज त्याच्या वर जातं. भांड्यांवर पांढरे डाग हा प्लंबिंगचा प्रश्न नाही. पाण्याचा जडपणा मोजून सेटिंग लावा आणि डिशवॉशरचंच मीठ भरा, आयोडीनचं खाण्याचं नव्हे.

टेक्निशियनला पुन्हा बोलवावंच लागलं तर भेटीची वेळ मशीन थांबतं त्या वेळेच्या जवळची मागा. तो आल्यावर मशीन ओढायच्या आधी, जागेवरच प्रोग्राम लावायला सांगा. पाणी बाहेर न जाण्याचा दोष तिथेच दिसला तर मशीन जागेवर असतानाच ड्रेन पाइपाचं फक्त टोक सोडवून बादलीत धरा आणि पाणी काढायला लावा. जोरात धार आली तर मशीन निर्दोष, तुमचा प्लंबर बोलवा. धार बारीक असेल तर मशीन ओढून, वाटेतली घडी सरळ करून पुन्हा बघा. तरीही बारीकच असेल तर फिल्टर, पंप आणि मशीनमधला पाइप त्याने तपासायचा, आणि वॉरंटी असेपर्यंत ते काम कंपनीचं आहे.